घर बसलं!

फार फार वर्षांपूर्वी, नगरांना वेशी होत्या आणि वेशींना दारं होती, तेव्हाची ही गोष्ट. एका नगरीत एक मेस्त्री राहायचा. नवी घरं बांधणारे पुष्कळ होते, पण हा जुन्या घरांचा मेस्त्री. अंधाऱ्या खोलीला खिडकी पाडावी, दोन खोल्यांची एक करावी, अडचणीचा जिना फिरवून घ्यावा, तर यानेच. लोक म्हणायचे, "मेस्त्रींचा हात लागला की घर मोकळा श्वास घेतं."

आता भिंत पाडायची म्हणजे वरचं ओझं कुणीतरी धरायला हवं. त्यासाठी मेस्त्रीकडे बारा टेकू होते, जुन्या बाभळीचे, वाळून लोखंड झालेले. भिंत काढली की नवी तुळई घालायची, ती दोन नव्या खांबांवर ठेवायची, आणि खांबांचा चुना पक्का होईपर्यंत तुळईखाली चार टेकू उभे करायचे. म्हणजे एका वेळी तीनच घरं. चौथं कुणी आलं की मेस्त्री हात जोडून सांगायचा, "टेकू मोकळे झाले की येतो."

पण टेकू कधी काढायचे, हे मेस्त्री ठरवत नसे. त्या नगरीचा तसा रिवाजच होता. तुळई आणि खांब मिळतात तिथे घरची बाई बोटाने चुन्याची रेघ ओढायची. घर अजून दबत असलं की रेघ तडकायची, मग पुन्हा नवी रेघ. आठ दिवस रेघ शाबूत राहिली की बाई मेस्त्रीला निरोप धाडायची, "घर बसलं." तुमच्या-माझ्या गावात हे शब्द ऐकले तर माणसं फावडी घेऊन ढिगारा उपसायला धावतील. तिथे मात्र गूळ वाटायचे. घर बसलं म्हणजे नव्या खांबांवर नीट टेकलं, आता काळजी नाही.

त्या वर्षी मेस्त्रीने विणकर आळीतल्या एका बाईचं काम घेतलं होतं. घरात ती आणि तिचे म्हातारे सासरे, दोघंच. म्हातारा अंथरुणाला खिळलेला, कुणी धरल्याशिवाय त्याला कूसही बदलता येत नसे. एका खोलीत तिचा माग, दुसरीत सासऱ्यांची खाट, आणि दिवसभर तिची आत-बाहेर धावपळ. "मधली भिंत काढा, मेस्त्री," ती म्हणाली होती. "विणताना मामंजी डोळ्यांपुढे राहिले की झालं."

भिंत गेली, तुळई चढली, टेकू लागले. बाईने रेघ ओढली. ती तडकली. दुसरी ओढली, तीही पाचव्या दिवशी तडकली.

नेमकं तेव्हाच नगरशेठचं बोलावणं आलं. मुलीचं लग्न महिन्यावर आलेलं, पुढची ओटी आणि दिवाणखाना एक करून हवा होता. मेस्त्री म्हणाला, "टेकू मोकळे झाले की..."

"मोकळे करा," नगरशेठ म्हणाले. "नसेल जमत तर शेजारच्या नगरीचा मेस्त्री उद्या सकाळी दारात उभा आहे."

आज शेठचं काम दुसऱ्याकडे गेलं की उद्या सगळी मोठी घरं जातील. नवे टेकू तोडावेत तर ओलं लाकूड ओझ्याखाली वाकतं. इतर दोन घरांच्या भिंती कालच पाडलेल्या, तिथले आठ टेकू तर हलवणंच अशक्य. उरलं विणकर बाईचं घर.

तो तिथे गेला आणि टेकू सैल करू लागला. बाई घाबरली. "अहो मेस्त्री, रेघ परवाच तडकलीय!"

"केसाएवढा तडा तो, बाई. तो कुठे मोजतात?"

"पण मी निरोप कुठे दिला?"

"वीस वर्षं घरं फोडतोय मी. बसलंय म्हणतो ना!" मेस्त्री जरा जोरातच बोलला. खाटेवरून म्हातारा त्याच्याकडे टक लावून पाहत होता. मेस्त्रीने त्याच्याकडे पाहणं टाळलं, चारही टेकू खांद्यावर घेतले आणि निघाला.

शेठच्या घरी काम जोरात सुरू झालं, पण मेस्त्रीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कुठे लाकूड करकरलं की त्याच्या हातातली थापी थांबायची. भरलं ताट सारून तो उठायचा. बायकोने विचारलं, "बरं नाही का?" तर तो तिच्यावरच खेकसला. डोळ्यांपुढे सारखी ती खाट यायची, बरोबर तुळईखालची, आणि तिच्यावरचा न हलणारा म्हातारा.

जाऊन एकदा बघून यावं, असं त्याला रोज वाटे. रोज तो विणकर आळीच्या तोंडापर्यंत जाई आणि तिथूनच परत फिरे. आत गेलो आणि रेघ तडकलेली दिसली, तर? मग टेकू परत द्यावे लागतील, आणि इकडे शेठची भिंत तर पाडून झाली होती. बघितलंच नाही तर कळणारही नाही, असं तो स्वतःला समजावत होता. आळीतून मागाचा खटखट आवाज ऐकू येतो का, म्हणून कान देई. आवाज येत नव्हता. मग तर त्याने त्या बाजूला जाणंच सोडलं.

अकराव्या दिवशी भर दुपारी आळीतली गवळण शेठच्या दारात दूध घालायला आली. मेस्त्रीला पाहून म्हणाली, "बरं झालं भेटलात. आमच्या आळीतल्या विणकर बाईंचा निरोप आहे. घर बसलं!"

थापी खाली पडली. पुढचं काही न विचारता मेस्त्री अनवाणी पळत सुटला. बाजारात दोघांना धडकला, एकाची टोपली उलटली, त्याला भान नव्हतं. "देवा, म्हातारा तेवढा वाचू दे," एवढंच तो पुटपुटत होता.

वळण घेतलं आणि तो थबकला. घर उभं होतं.

तो धापा टाकत उंबऱ्यात आला. तुळईखाली चार लाकडं उभी होती, पण ते टेकू नव्हते. हातांनी घासून गुळगुळीत झालेलं ते लाकूड त्याने ओळखलं. तो बाईचा माग होता, सुटा करून उभा केलेला. कोपऱ्यात अर्धं विणलेलं लुगडं कापून ठेवलं होतं आणि त्याच्या सुतांचा नुसता गुंता झाला होता.

"तुम्ही गेलात त्याच दिवशी रेघ तडकली," बाई म्हणाली. "मामंजी म्हणाले, मी हे घर सोडून कुठे जायचा नाही. मग काय करणार? शेजाऱ्यांना बोलावलं, माग सोडवला, तुळईखाली लावला, दुसऱ्या दिवशी नवी रेघ ओढली. काल आठ दिवस झाले, रेघ शाबूत आहे. म्हणून रिवाजाप्रमाणे निरोप धाडला." तिने गुळाचा खडा त्याच्यापुढे धरला. "पण तुम्ही असे पळत का आलात?"

म्हातारा खाटेवरून सावकाश म्हणाला, "त्याला काही वेगळंच ऐकू आलं असेल."

मेस्त्री लहान मुलासारखा रडला. गूळ त्याने घेतला नाही.

तिथून उठून तो सरळ नगरशेठकडे गेला. "लग्नाआधी टेकू निघणार नाहीत," म्हणाला. "तुमच्या घरच्या बाईंचा निरोप आल्याशिवाय मी हात लावणार नाही." शेठ खूप ओरडले. शेवटी वऱ्हाडाच्या पंगती टेकूंमधून वाट काढत बसल्या, आणि शेठने पुन्हा त्याला दारात उभं केलं नाही. एकेक करून मोठी घरं खरोखरच गेली. त्या मोसमात मेस्त्री विणकर बाईच्या घरी बसून आपल्या जाड बोटांनी सुतांचा गुंता सोडवत होता. शेवटचा धागा सुटेपर्यंत तो रोज आला, आणि माग पुन्हा खटखटू लागला त्या दिवशी त्याने स्वतःच गूळ मागून घेतला.

बोध असा: ज्याने काम कच्चं सोडलं, त्याच्या कानी शुभ निरोपही अशुभ होऊनच पडतो.