तुझ्या बाजूचं माणूस

एकदा एक वृद्ध वैद्य आपलं राहतं घर विकायला निघाले. नदीकाठच्या त्या गावात त्यांनी उभं आयुष्य रुग्णसेवेत घालवलं होतं. पत्नी निवर्तली, दृष्टीही मंदावली, तेव्हा मुलीने त्यांना आपल्याकडे धारवाडला बोलावलं आणि त्यांनी ते मानलं.

ही वार्ता त्यांच्या एका जुन्या शिष्याच्या कानी गेली. अच्युत त्याचं नाव. पुण्यात त्याचा दवाखाना चांगला चालत होता, पण शहराला तो विटला होता. वार्ता कळताच तो धावत आला.

दारातून आत पाऊल टाकलं आणि मधली सगळी वर्षं गळून पडली. ओसरीवरचा दगडी खल, माजघरात मुरलेला काढ्यांचा वास, परसातल्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल. इथेच त्याने पहाटे उठून श्लोक पाठ केले होते, इथेच गुरुपत्नीने तव्यावरची भाकरी त्याच्या ताटात टाकली होती. खांबाला हात लावून तो कितीतरी वेळ उभा राहिला.

"गुरुजी, हे घर मलाच द्या," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल ती किंमत. दवाखाना इथेच थाटतो. आईलाही घेऊन येतो, तिला आता जिने चढवत नाहीत."

वैद्यांच्या शेजारी घरविक्रीचं काम पाहणारा एजंट बसला होता. त्याला आनंद झाला. "वा! घरातलंच गिऱ्हाईक. मग दोन्ही बाजूंचं मीच बघतो की. उद्याच इसार करून टाकू."

वैद्यांनी नकारार्थी मान हलवली. "अच्युता, तुझ्या बाजूचं कोण आलंय?"

"माझ्या बाजूचं? गुरुजी, मी तुमचाच आहे."

"तिथेच तर अडतंय. हे गृहस्थ माझ्यासाठी काम करतात. तू तुझ्यासाठी काम करणारं माणूस घेऊन ये. तोवर या विषयावर मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही."

अच्युत चहाही न घेता उठला. ज्यांनी पोटच्या मुलासारखं सांभाळलं, त्यांनी आज आपल्याला उंबऱ्याबाहेरचा ठरवलं, हे त्याला फार लागलं. तरी गुरूचा शब्द मोडवेना. तालुक्याच्या गावी चौकशी करून त्याने यशोदाबाई शेटे यांना गाठलं. घरं आणि जागा घेणाऱ्यांच्या वतीने व्यवहार पाहण्यात त्यांची हयात गेली होती. वाटेत अच्युत त्यांना घराबद्दल भरभरून सांगत होता. बाई ऐकत होत्या.

वैद्यांच्या घरी पोचल्यावर यशोदाबाईंनी विचारलं, "डॉक्टर, आईंना ठेवणार कुठे?"

"या खालच्या खोलीत. आम्ही विद्यार्थी इथेच निजायचो. श्रावण-भाद्रपदात मात्र गुरुजी आम्हा सगळ्यांना माळ्यावर न्यायचे. कंदिलाच्या उजेडात गोष्टी सांगायचे, गुरुपत्नी वरतीच दूधभात आणून द्यायच्या. त्यासारखं सुख मी पुन्हा नाही अनुभवलं, बाई."

"माळ्यावर का न्यायचे?"

हा प्रश्न अच्युतला आजवर पडलाच नव्हता.

उत्तर दारात उभ्या असलेल्या वैद्यांनी दिलं. "नदी चढली की पाणी या खोलीत येतं. अजूनही येतं. कधी कधी गुडघाभर."

अच्युत त्या खोलीकडे पाहतच राहिला. अंथरुणाला खिळत चाललेल्या आईची खाट त्याने मनातल्या मनात तिथे मांडूनही ठेवली होती.

यशोदाबाई अंगणात आल्या. "आणि रस्त्यापासून इथवरची ही वाट? ही घराच्या हद्दीत दिसत नाही."

"शेजाऱ्याची आहे," वैद्य म्हणाले. "त्याच्या वडिलांनी मला वापरायला दिली. तोंडी. लिहून घ्यायची कधी वेळ आली नाही."

"तुमच्यावर आली नाही, वैद्यबुवा. यांच्यावर येईल. उद्या शेजाऱ्याने कुंपण घातलं, तर यांचे रुग्ण येणार कुठून?"

अच्युतचे कान तापले. बाईंना बाजूला घेऊन तो दबक्या आवाजात म्हणाला, "जरा जपून बोला. ते माझे गुरू आहेत."

"म्हणून तर हे तुमच्याने विचारवलं नसतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी विचारतेय ते तुमच्यासाठीच."

मग यशोदाबाई आणि वैद्यांचा एजंट ओसरीवर समोरासमोर बसले. बोलणी बरीच ताणली गेली. एजंटाने घराचं सागवान दाखवलं, बाईंनी भिंतीतली ओल दाखवली. एकदा तर अच्युत मधेच म्हणणार होता, की जाऊ द्या, आहे त्या किमतीला घेतो; बाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प झाला. अखेर ठरलं ते असं. किंमत उतरवायची, वाचलेल्या पैशातून परसातल्या उंचवट्यावर आईसाठी खोली बांधायची, आणि वाटेचा हक्क नोंदणी करून लेखी मिळेपर्यंत व्यवहार पुरा करायचा नाही. त्यासाठी वैद्य स्वतः काठी टेकत शेजाऱ्याकडे गेले. त्या शेजाऱ्याचा जन्म त्यांच्या डोळ्यांदेखत झालेला. तो लगेच सही करायला तयार झाला. वैद्य गावात असताना हे झालं म्हणून झालं. मागाहून कोण कुणाला ओळखतं?

त्या संध्याकाळी गुरुशिष्य दोघेच ओसरीवर बसले होते.

अच्युत म्हणाला, "गुरुजी, पाण्याचं तुम्हीच का नाही सांगितलंत? तुम्ही काही लपवणारे नव्हेत."

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं. पण आपणहून मला ते सुचलंच नसतं, बाळ. ती खोली म्हटली की मला पाणी आठवत नाही. तुम्ही पोरं माळ्यावर एकमेकांना बिलगून निजलेली आठवता. तुलाही तेच आठवतं. विकणारा या घराच्या मायेत गुंतलेला, घेणाराही गुंतलेला. माझा एजंट सज्जन आहे, पण माझं हित पाहणं हा त्याचा धर्म. तुझं हित पाहणारं त्या दिवशी इथे कुणीच नव्हतं. तू स्वतःसुद्धा नव्हतास."

ते पुढे म्हणाले, "माझ्या मुलीला विषमज्वर झाला, तेव्हा मी पलीकडच्या गावातल्या वैद्याला बोलावलं होतं. लोक हसले. पण लेकीचा हात हातात घेतला की मला तिची नाडी लागत नसे, माझ्याच काळजाचे ठोके ऐकू येत. माया असते तिथे दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावेत. त्यात कमीपणा नाही."

अंधार पडू लागला होता. परसातून गुळवेलीची सळसळ येत होती. अच्युतने विचारलं, "आणि बाईंनी घेऊ नका म्हणून सांगितलं असतं तर?"

"तर तुला जेवू घालून परत पाठवलं असतं, आणि घर दुसऱ्या कुणाला दिलं असतं."

"तुम्हाला वाईट वाटलं नसतं?"

"फार वाटलं असतं," वैद्य म्हणाले. "म्हणून तर घर घ्यावं की नाही, हे तू मला विचारून चालणार नव्हतं."

अच्युत जरा सरकून गुरूंच्या जवळ बसला.