चौदा वर्षं न हरलेली मुलगी

"...मग मी हरणार कधी, चाचा?"

वल्लरीने हे विचारलं तेव्हा तिच्यासमोर चिंचोक्यांचा ढीग होता आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

सारंगचाचांनी वर पाहिलं नाही. ते आपले हरलेले पत्ते पालथे करून बोटांनी त्यांच्या कडा जुळवत बसले.

"आत्ताच तर जिंकलीस," पेठे मास्तर म्हणाले. "हरायचं काय काढलंस मध्येच?"

"जिंकले? मास्तर, मी जिंकले की तुम्ही टाळ्या वाजवता आणि आपापले चिंचोके परत नेता. हरले की माझे मला परत देता. चौदा वर्षं झाली. चौदा!"

"अगो, तू कच्चं लिंबू ना आमचं," कुसुमकाकू लाडाने म्हणाल्या आणि ओंजळ भरून आपले चिंचोके ढिगातून ओढू लागल्या.

झालं. ठिणगी पडली.

दर रविवारी दुपारी चार वाजता सारंगचाचांच्या पडवीत पोकर रंगायचा. चाचांनी बत्तीस वर्षं जहाजांवर काढली, त्यातली शेवटची बारा सारंग म्हणून, म्हणजे खलाशांचे मुकादम म्हणून. बाकीचे लोक परदेशातून घड्याळं आणायचे, सेंटच्या बाटल्या आणायचे. चाचांनी पोकर आणला. गावात परतल्यावर त्यांनी दोन शिष्य तयार केले. एक हायस्कुलात गणित शिकवणारे पेठे मास्तर आणि दुसऱ्या पिठाची गिरणी चालवणाऱ्या कुसुमकाकू. पैशाला हात लावायचा नाही, चिंचोक्यांवर खेळायचं आणि सूर्य मावळून मगरिबची बांग झाली की पत्ते बंद, एवढंच काय ते चाचांनी घालून दिलं होतं.

लिंबाचा नियम कुणी केला नव्हता. तो आपोआप झाला. नऊ वर्षांची वल्लरी एकदा काकूंच्या मागोमाग पडवीत आली आणि हट्टाने पत्ते मागू लागली. लहान म्हणून तिला कच्चं लिंबू केलं. खेळायचं सगळ्यांसारखं, पण तिच्यावर राज्य यायचं नाही आणि ती बादही व्हायची नाही.

ती वल्लरी आता तेवीस वर्षांची होती. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली. तालुक्याच्या कॉलेजात साठ मुलं तिला मॅडम म्हणत आणि तिच्या पेपरात धडाधड नापास होत. रविवारी चार वाजले की मात्र ह्या मॅडमचं लिंबू व्हायचं.

"मला हे चालणार नाही," ती म्हणाली. "आजपासून मी पक्की. हरले तर हरले. नाहीतर..."

"नाहीतर?"

हे चाचा. तासाभरात पहिल्यांदाच बोलले.

"नाहीतर पुढच्या रविवारपासून मी इथं यायची नाही!"



काकूंची ओंजळ ढिगावर थबकली. मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला.

"रागावलीय," ते काकूंना म्हणाले, जणू वल्लरी तिथं नव्हतीच. "लहान आहे अजून."

"मी लहान नाही!"

"बघा. पाय आपटला."

"मास्तर, तुम्ही ज्या वर्गाला त्रैराशिक शिकवता ना, त्या वर्गात मी आता नाही. मी तुम्हाला शिकवू शकते. पाच पत्त्यांचे जवळजवळ सव्वीस लाख वेगवेगळे हात होतात. कुठला किती वेळा येतो, ते मला पाठ आहे. ह्या टेबलावर सगळ्यात जास्त खेळ मला येतो. खरं की नाही, चाचा?"

"खरं."

चाचा इतक्या सहज हो म्हणाले, की तिचा राग क्षणभर अडखळला.

"मग मी पक्की का नाही?"

"लावायला काय आणलंस?"

"हे काय!" तिने चिंचोक्यांकडे हात केला.

"ते माझ्या डब्यातले. तुझं काय आहे?"

वल्लरीने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. चाचांनी ते एका बोटाने तिच्याकडे परत सरकवलं.

तिने पर्स उपसली आणि स्कूटरची किल्ली खणकन टाकली. चाचांनी तीही सरकवली.

"हे गेलं तर दुसरं घेशील."

"मग काय लावू? जीव लावू?"

चाचा हसले नाहीत. त्यांनी डोळे बारीक केले. दूरचा दिवा हेरताना खलाशी करतात तसे.

"मघाशी काय म्हणालीस?"

"कधी?"

"नाहीतर... काय?"

"...नाहीतर इथं यायची नाही."

"हं. ते लाव."

रागात फेकलेली गोष्ट चाचांनी अलगद झेलून तिच्यासमोर टेबलावर ठेवली होती, आणि आता ती भलतीच जड दिसत होती. ह्या तीन म्हाताऱ्यांवर ती आठवड्याचे सहा दिवस चिडलेली असायची. आणि ते सहाही दिवस रविवारची वाट बघायची.

"सारंगभाई, डोकं ठिकाणावर आहे का?" काकू कडाडल्या. "पोर उद्या खरंच यायची बंद झाली तर?"

"तिला विचारा."

सगळ्यांनी वल्लरीकडे पाहिलं.

"एक डाव," चाचा म्हणाले. "तू आणि मी. जिंकलीस तर पक्की. हरलीस तर पुढच्या रविवारपासून इथं यायचं नाही. बोल."

तिने घड्याळ आणि किल्ली बाजूला सारली.

"लावलं!"

काकूंनी पत्ते घेतले आणि पिसू लागल्या. पिसायच्या थांबेनात. मनातल्या मनात देवाला काहीतरी सांगत असाव्यात.

"काकू, पत्ते वाटायचेत. दळायचे नाहीत."

"गप बस गो!" असं म्हणून काकूंनी पाच तिला वाटले, पाच चाचांना.

वल्लरीने पत्ते उचलले. इस्पिकची राणी. चौकटची राणी. बाकी सत्ती, चौकी, दुर्री, सगळा कचरा. तिने तो कचरा टाकला आणि तीन पत्ते बदलून घेतले.

अठ्ठी.

दश्शी.

किलवरची राणी!

तीन राण्या. तिने चेहरा दगडासारखा ठेवला. निदान तिला तसं वाटलं. मास्तर तिच्या मागे उभे होते, त्यांनी एवढ्या जोरात घसा खाकरला की चेहरा ठेवून काही उपयोग उरला नाही.

"मास्तर!"

"मी काही बोललो का?"

चाचांनी एकच पत्ता बदलला. नवा आलेला पालथाच ठेवला आणि त्यावर आपला काळपट, जाड अंगठा टेकवला.

वल्लरीचं डोकं भराभर चालू लागलं. एकच बदलला, म्हणजे त्यांच्याकडे दोन जोड्या असणार, किंवा चार पत्ते जमलेले आणि पाचव्याची आशा. काहीही धरलं तरी शंभरातल्या ऐंशी वेळा तीन राण्याच भारी. हिशोब चोख होता. मग ती आपल्या तीन राण्या पुन्हा पुन्हा का मोजत होती?

चौदा वर्षांत तिने ह्या टेबलावर हजारो वेळा पत्ते उचलले होते. दुसऱ्यांदा कधी मोजले नव्हते. आज पायाचा अंगठा जमिनीवर थाडथाड नाचत होता... आणि खरं सांगायचं तर इतकी मजा तिला जन्मात कधी आली नव्हती.

"मागं घेतेस?" चाचांनी विचारलं.

"नाही."

"अजून वेळ आहे."

"चाचा, पत्ते दाखवा!"

तिने स्वतःच आधी दाखवले. तीन राण्या टेबलावर अशा आपटल्या की चार चिंचोके उडून खाली गेले.

"शाब्बास!" मास्तर ओरडले. आपण कुणाच्याच बाजूचे नाही, हे ते विसरून गेले होते.

चाचा एकेक पत्ता उलटू लागले. बदामाची पंजी. बदामाची नव्वी. बदामाचा गुलाम. बदामाचा राजा.

पाचव्यावर अंगठा तसाच.

"हा मीही पाहिलेला नाही," ते म्हणाले. त्यांनी अंगठा उचलला. "तूच उलट."

काकूंनी डोळे मिटले.

वल्लरीने हात पुढे केला. पत्त्याच्या कडेखाली नख घातलं. एक क्षण... दोन... आणि उलटला.

तिर्री.

बदामाची.

पाचही बदाम, म्हणजे तिच्यावर भारी. तिच्या तीन राण्या त्या लाल रांगेसमोर गरीब नणंदा-भावजयांसारख्या बसून राहिल्या.

मग काकूंनी एकदम डोळे उघडले, टेबल बघितलं आणि लगबगीने दोन्ही हातांनी सगळे पत्ते गोळा केले.

"चला, झाली गंमत! लिंबूच ना ती? तुझं तुला परत दिलं हो बाळ. काही यायचं-बियायचं बंद नाही. मी चहा टाकते."

"हो, हो," मास्तर म्हणाले. "धरायचं नाही हे. रविवारी चार वाजता हजर राहा म्हणजे झालं."

सगळं जसंच्या तसं झालं होतं. एक हो म्हटलं की पुढचा रविवार तिचा. त्याच्या पुढचाही. चहा, चिंचोके, मास्तरांचं घसा खाकरणं, सगळं तिचं.

ती चाचांकडे बघू लागली.

चाचांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि तळवा वर करून उघडला. घे, असं म्हणणारा तो तळवा होता. की दे, असं म्हणणारा?... तिला कळेना. चाचांच्या तोंडावरून तर आजवर कुणाला काही कळलं नव्हतं.

"नको," ती म्हणाली.

"चहा नको?" काकूंनी विचारलं.

"परत नको. मी हरले."

तो शब्द जिभेवर इतका नवा, इतका झणझणीत लागला की तिने तो पुन्हा उच्चारला.

"हरले मी, काकू! मास्तर, मी हरले! चक्क हरले!"

ती उठली, किल्ली उचलली, घड्याळ विसरली, परत येऊन ते घेतलं, वाकून तिघांनाही नमस्कार केला आणि पायऱ्यांवरून जवळजवळ उड्या मारत खाली गेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. स्कूटरला चौथ्या वेळेला किल्ली लागली.

काकू दारापर्यंत धावल्या.

"अहो, ती खरंच गेली!"

चाचा पत्ते डब्यात भरत होते.

पुढचा आठवडा तिने कसा काढला ते तिचं तिला माहीत. सोमवारी ती वर्गात इतक्या जोशात शिकवत होती की मुलं घाबरली. गुरुवारपर्यंत तो जोश ओसरला. रविवार उजाडला तेव्हा तिने उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात ओढला आणि पावणेचारपर्यंत एकच पेपर सात वेळा वाचला.

"आज गेली नाहीस?" आईने विचारलं.

"मी हरले, आई."

"मग? हरलीस की ते परत देतात ना तुला?"

"ह्या वेळी मी घेतलं नाही."

आई मान हलवून आत गेली.

चार वाजले. चारावर पाच. चारावर दहा. वल्लरीने लाल पेन बंद केलं. तिकडे आता वाटायला सुरुवात झाली असेल. तिघांतच. आपण दिलेला शब्द होता, आपणच पाळत होतो, आणि तरी नजर घड्याळावरून हलत नव्हती.

दारावर थाप पडली.

उघडते तर कुसुमकाकू. घामाघूम, पदराने वारा घेत.

"पंचावन्न पायऱ्या गो तुमच्या आळीला! मेले मी. पाणी दे आधी."

त्यांच्यामागे पेठे मास्तर, बगलेत घडीची खुर्ची. आणि त्यांच्यामागे, एका हाताने कठडा धरून, सावकाश एकेक पायरी चढणारे सारंगचाचा.

"तुम्ही... इथं?"

"ठरलं होतं ते एवढंच, की तू तिकडं यायचं नाहीस," मास्तर वर्गात सिद्धता मांडावी तसे म्हणाले. "आम्ही इकडं यायचं नाही, असं कुणी म्हणालेलं नाही. मी तपासून पाहिलं. शब्द कुठेही मोडत नाही."

काकू तोवर आत जाऊन उत्तरपत्रिका कॉटवर सारून मोकळ्याही झाल्या होत्या. टेबलावर त्यांनी चार मुठी चिंचोके ओतले. चारही सारख्या.

"आणि आधीच सांगते," त्या दटावून म्हणाल्या, "हरलीस तर परतबिरत काही मिळायचं नाही. रडायचं नाही मग."

वल्लरीला हसू आवरेना. पण सवय कुठे जाते? तिने दारातच चाचांना अडवलं.

"चाचा, हे बरोबर नाही. मी हरले होते. खरी हरले होते. हरलेल्याच्या घरी कुणी पत्ते घेऊन येतं का?"

चाचांना धाप लागली होती. ते उंबऱ्याशी थांबले, दम खाल्ला, आणि पत्त्यांचा जोड तिच्या हातात ठेवला.

"जिंकली असतीस, तर आलो नसतो."