खेकडीचं दार

फार फार वर्षांपूर्वी एका डोहाकाठी एक म्हातारं कासव राहायचं. रोज सकाळी ऊन खायला ते नेमकं खेकडीच्या बिळाच्या तोंडावर येऊन बसे. काठ एवढा ऐसपैस, पण याला तीच जागा लागे.

मग खेकडी आतून नांगीनं त्याच्या पोटावर टकटक करी. "अहो कासवभाऊ, सरका की जरा! पिल्लं भुकेली आहेत माझी."

"उठतोच हं, खेकडीबाई," असं म्हणून कासव डोळे मिटून घेई.

"रोजचंच झालंय तुमचं! बाजूला बसलात तर मीही बाहेर येऊन घटकाभर बोलत बसेन की."

ही आपल्याला हटवायची युक्ती, असं कासवाला वाटे. खरं सांगायचं तर, दिवसभरात त्याला हाक मारणारं दुसरं कोणी नव्हतं. सरकलो की बोलणं संपलं, या भीतीनं ते ऊन डोक्यावर येईपर्यंत हलत नसे.

एके दिवशी टकटक झालीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी कासवानंच बाजूला होऊन बिळाच्या कडेवर नाकानं ठोकलं. आतून नुसता ओल्या मातीचा वास आला.

पलीकडच्या काठावर नवं बीळ दिसत होतं. दारापासून जरा अंतर सोडून एक बेडूक बसला होता, आणि खेकडी त्याच्याशी हसून बोलत होती.

कासव अजूनही रोज त्या जुन्या बिळाशी येतं. दार मोकळं सोडून बसतं, आणि मधूनच आत वाकून म्हणतं, "खेकडीबाई, सरकलो हं मी."