वैजूने लक्षात ठेवलेला पुदिना

एका गावात एक भोळी मुलगी होती, आणि मठ्ठ्यातून सुतळी निघाली तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की आपलं काहीतरी चुकलंय.

मुलीचं नाव वैजयंता. सगळे वैजू म्हणत. बी.ए. झालेली होती, तीही तर्कशास्त्र घेऊन. कुकरची शिट्टी झाली की दचकायची आणि दचकल्यावर कुकरचीच माफी मागायची. आईने तिला मावशीकडे धाडलं होतं. म्हटलं, चार पदार्थ शिकेल, जरा धीट होईल.

शेवंतामावशी पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "वैजे, मठ्ठ्यात पुदिन्याची जुडी टाक गं."

वैजूने जुडी टाकली. सुतळीसकट, मातीसकट, आत झोपलेल्या एका गोगलगाईसकट. मावशीने 'सोडून टाक' म्हटलं नव्हतं. वैजूने दोनदा आठवून पाहिलं होतं.

मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, मोठा घोट घेतला. मग ओठांतून सुतळीचं टोक धरलं आणि ओढलं. ओढतच राहिले.

"मठ्ठा आहे का पतंग?" काका म्हणाले.

मावशी म्हणाली, "अगं बये, जुडी सोडायची, धुवायची, पानं खुडायची. तळहातावर चांगली चुरगाळायची आणि मग टाकायची. हातावर चुरगाळल्याशिवाय वास सुटत नाही."

"एवढंच ना मावशी? लक्षात ठेवीन."

आणि तिने ठेवलं. तीच तर पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, "चटणीचं सामान तयार करून ठेव. पुदिना, लसूण, लवंगी मिरच्या. मी पाणी घेऊन आलेच."

वैजूने पुदिना तळहातावर चुरगाळला. लसूण चुरगाळला. मग मिरच्या घेतल्या आणि त्याही मन लावून चुरगाळल्या. तेवढ्यात पत्र्यावर मांजर उडी मारून आलं. वैजू दचकली. दचकली की डोळे चोळायची तिला सवय होती.

मावशी आली तेव्हा वैजू दोन्ही हात ताकाच्या पातेल्यात घालून, डोळे मिटून बसली होती.

"वास सुटला मावशी," ती म्हणाली. "पण मीही सुटले."

"हातांनी कशाला गं? पाटा काय बसायला ठेवलाय? पाट्यावर घ्यायचं, वरवंटा फिरवायचा, गंधासारखं बारीक वाटायचं!"

"लक्षात ठेवीन मावशी."

आणि ठेवलं.

पुढे दोन दिवसांनी आबा पाटील आले. जाखाईचा भंडारा जवळ आला होता. त्या दिवशी देवीला मठ्ठ्याचा नैवेद्य लागतो आणि तो करायचा मान शेवंतामावशीच्या घराकडे होता. मान साधासुधा नव्हता. मठ्ठा करणाऱ्या बाईने अंघोळीपासून आरतीपर्यंत मौन पाळायचं, रांगोळीच्या रेघेबाहेर पाऊल टाकायचं नाही. तोंडातून एक आवाज निघाला की मान शेजारच्या गोदाकाकूंकडे. मठ्ठ्यात पुदिना नसला तरीही मान गोदाकाकूंकडे. गोदाकाकू दरवर्षी देवळासमोरच्या आपल्या ओट्यावर बसून कान देत. मावशीचा मात्र कधी शब्द सुटला नव्हता. एकदा पायावर विंचू चढला होता. विंचू कंटाळून उतरला, मावशी बोलली नाही.

"वैजे, आबांना लिंबाचं सरबत कर. पुदिना घाल, बर्फ घाल," मावशीने ओसरीवरून आत आवाज दिला.

वैजूने पुदिना पाट्यावर घेतला. लिंबं घेतली, सालीसकट. बर्फ घेतला. तो सारखा निसटायचा. तिने तो फडक्यात धरून धरून वाटला. पाट्याला आदल्या चटणीचा लसूण होता, तोही गेला.

आबांनी पेला उजेडाकडे धरला. "शेवंताबाई, विहिरीचा उपसा काढला का काय?"

"सरबत आहे आबा," वैजू दाराआडून म्हणाली.

आबा प्यायले. भले माणूस होते. फक्त जाताना म्हणाले, "भंडाऱ्याचा मठ्ठा तेवढा तुम्हीच करा."

मावशीने कपाळाला हात लावला. "सरबतातलं पान वाटायचं नसतं गं! अख्खं ठेवायचं. वर तरंगलं पाहिजे. डोळ्यांना दिसलं पाहिजे."

"लक्षात ठेवीन मावशी."

काकांना पडसं झालं. "पुदिना, आलं, गवती चहा घालून काढा दे त्यांना," मावशी म्हणाली.

पुदिन्याची पानं छान तरंगली. गवती चहाही तरंगला. आलं काही तरंगेना. तिने तीनदा सोडून पाहिलं, तीनदा ते बुडालं. शेवटी तिने आल्याचा तुकडा बाटलीच्या बुचावर बसवला आणि होडीसारखा पेल्यात सोडला.

काकांनी फुंकर मारली. होडी पलीकडच्या काठाला लागली. घोट घेतला तर पाला सगळा मिशीत.

"शेवंता," काका म्हणाले, "मला पडसं झालंय. जलविहार नकोय."

"अगं, काढा गाळायचा असतो! पाणी ठेवायचं, पाला टाकून द्यायचा. गाळल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही!"

"लक्षात ठेवीन मावशी."

त्याच संध्याकाळी भजी केली. वैजूने सोबतीला पुदिन्याची चटणी केली. पाट्यावर वाटली, गंधासारखी, वाखाणण्याजोगी. मग ती पंच्यात घालून घट्ट पिळली. हिरवं पाणी वाटीत ठेवलं आणि चोथा परसात नेऊन टाकला. परसात गोदाकाकूंची बकरी होती. तिने चोथा खाल्ला, जीभ फिरवली आणि वैजूकडे फार प्रेमाने पाहिलं. या गावात आपलं काहीतरी कुणाला तरी आवडलं, म्हणून वैजूला बरं वाटलं.

काका भजं हिरव्या पाण्यात बुडवत होते, पाणी निथळून जात होतं आणि भजं चटणीवाचूनच तोंडात जात होतं.

वैजूचे डोळे भरले. "मावशी, मी सांगितलेलंच करते गं. तू सांगतेस ते शब्दन् शब्द करते. मग चुकतं कुठे?"

मावशीला हसूही आलं आणि दयाही आली. तिने वैजूला जवळ घेतलं. "हे बघ पोरी. माझे गुडघे गेलेत. माझ्यामागे हा मान तुलाच द्यायचाय मला. म्हणून आता एकच लक्षात ठेव, बाकी सगळं विसर. काहीही करायच्या आधी मला हाक मारायची. मी ओ देईन, मग हात लावायचा. ओ दिल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. कळलं?"

वैजूच्या मनावरचं ओझं उतरलं. इतकी सोपी गोष्ट तिला कुणी कधी सांगितलीच नव्हती. तर्कशास्त्रातसुद्धा नाही.

भंडाऱ्याचा दिवस उजाडला. उन्हाने गावातला पुदिना करपला होता. मावशीच्या मोरीच्या पाण्यावर वाढलेला तेवढा हिरवा राहिला होता. तो सगळा खुडून टोपलीत भरला आणि टोपली देवळाच्या पायरीवर ठेवली. अंघोळीला जाण्याआधी मावशी म्हणाली, "वैजे, तू फक्त पुदिन्याकडे लक्ष दे."

वैजूने लक्ष दिलं. पापणीसुद्धा न लववता दिलं.

मावशी देवळापुढे रांगोळीच्या आत बसली. रवी घुमू लागली. अंगणात पंगतीची माणसं जमली. गोदाकाकू ओट्यावर कान देऊन बसल्या. आणि त्यांची बकरी, दाव्याचा तुकडा गळ्यात घेऊन, पायरीपाशी आली. तिला वास ओळखीचा होता.

बकरीने टोपलीत तोंड घातलं.

वैजू दचकली. हात पुढे गेला. मग तिला आठवलं. हात मागे आला.

"मावशी!" तिने हाक मारली.

मावशीने वर पाहिलं. रवी थांबली. तिने हाताने खूण केली, हाकल.

"मावशी, खूण कळली," वैजू म्हणाली, "पण ओ दे ना."

मावशीने दोन्ही हात हलवले. टाळ्या वाजवल्या. पळी फेकली, ती आबांच्या पाटावर पडली. बकरीने टोपलीचा एक कोपरा संपवला.

"मावशीऽऽ!"

"अगं पोरी, हाकल की ती!" आबा ओरडले.

"आबा, तुम्हाला नाही हाक मारली," वैजू रडवेल्या आवाजात म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती एक गोष्ट अगदी बरोबर करत होती आणि ती सुद्धा इतकी कठीण निघाली. "मला मावशीचीच ओ पाहिजे. मावशीऽऽऽ!"

पंगतीतली माणसं उठायला गेली तर वैजू टोपलीसमोर आडवी झाली. "कुणी हात लावायचा नाही! ओ आलेली नाही!"

मावशी लाल झाली. मावशी जांभळी झाली. टोपलीच्या तळाशी एकच काडी उरली. टवटवीत, चार पानांची. देवीच्या मठ्ठ्याला तेवढीही पुरली असती. बकरीने मान वाकवली. ओठ पुढे केले. गोदाकाकू ओट्यावरून अर्ध्या उठल्या.

"मावशीऽऽऽऽ!"

"ओऽऽऽऽ!" मावशी किंचाळली. देवळातली कबुतरं उडाली.

वैजूचा जीव भांड्यात पडला. तिने पदराला हात पुसले, पुढे झाली आणि नीट, सावकाश विचारलं, "मावशी, बकरी पुदिना खातेय. हाकलू का?"

बकरीने शेवटची काडी गिळली, आणि ढेकर दिली.