खिंडीतला कालवांचा दगड

माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि शब्दही घरातलेच येतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. ही गोष्ट माझी नाही. आमच्या वेळशेत गावच्या खिंडीत गाड्या थांबतात, तिथे आबा गावकर पाहुण्यांना ती सांगतात. आता आबांचा आवाज बसत चालला आहे, म्हणून त्यांनी मला ती लिहून काढायला सांगितली. त्यांच्या तोंडून ऐकली तशीच लिहितो आहे.

घाट चढून खिंडीत आले की उजव्या हाताला दगडांची एक लांब रांग दिसते. दगड नारळाएवढे, एका बाजूने काळे, चुलीतल्या जाळाने भाजलेले. रांगेच्या सुरुवातीला मात्र एक दगड वेगळा आहे. त्याला काजळी नाही. त्याच्या अंगावर कालवांचे शिंपले घट्ट चिकटलेले आहेत, समुद्राच्या खडकाला असतात तसे. समुद्र तिथून खाली, पार दूर, एका रेघेसारखा दिसतो. मग पाहुणे विचारतात, एवढ्या उंचावर कालवे आली कशी? आबा पान जुळवतात आणि सांगायला लागतात.

फार जुन्या काळी वेळशेत हे काथ्याचे दोर वळणाऱ्यांचे गाव होते म्हणे. नारळाची सोडणे, म्हणजे वरची जाड साले, खाडीच्या चिखलात कुजत घालायची, ती बडवून काथ्या काढायचा आणि त्याचे दोर वळायचे. दोर वळायला लांबच लांब मोकळी जागा लागते. एक टोक खुंटाला बांधलेले असते आणि वळणारा माणूस वळत वळत मागे मागे जातो. वाळूची पुळण लांब, म्हणून वेळशेतचा दोरही लांब. त्याने मोठी गलबते बांधत.

याच गावात ठकू नावाची एक बाई राहत असे. नवरा दर्यात गेलेला. घरात मुलगा धाकू, सून म्हाळू आणि पाळण्यात एक नातू. ठकूसारखा दोर पंचक्रोशीत कोणी वळत नसे आणि तिच्यासारखे तोंडही कोणी चालवत नसे, असे आबा सांगतात.

पुढे बंदराला बरकत आली. दूरची गलबते लागू लागली, त्यांच्या मागोमाग व्यापारी आले. गावाला आधी आनंदच झाला. मग हळूहळू तांदूळ महागला. मासळी वेळशेतच्या खाडीतली, पण ती आधी व्यापाऱ्यांच्या स्वयंपाकघरात जाऊ लागली आणि गावाच्या वाट्याला खारवलेली डोकी उरली. सोडणे पूर्वी कोणी विकत घेत नसे, त्यांनाही भाव आला. पुळणीवर वखारी उभ्या राहिल्या. एके दिवशी ठकू नेहमीप्रमाणे दोर वळत मागे मागे जात होती, तर अर्ध्या वाटेतच तिच्या पाठीला भिंत लागली. मग तिथेच गाठ मारून तिने दोर संपवला. त्या दिवसापासून वेळशेतचे दोर तोकडे झाले.

माणसे गाव सोडू लागली. घाट चढून देशावर गेले की धान्य स्वस्त आणि जागा मोकळी. पण एक घर गेले की त्या घराच्या वाट्याचा सारा राहिलेल्यांच्या डोक्यावर बसे, देवीच्या पालखीला एक खांदा कमी पडे. राहणाऱ्यांना राहणे आणखी महाग होई आणि मग त्यांच्यातलेही कोणी जाई. शेवटी माउलीच्या देवळात गाव बसला. गावकर, म्हणजे गावचा पहिला मानकरी, होता सोमाजी, आबांचा कितवा तरी पूर्वज. काय करावे ते कोणाला सुचेना. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून ठकूच उठली.

"जाणाऱ्यांका रस्तो मोकळो आसा म्हणान जातत," ती म्हणाली. "जो जाता त्येची चूल मोडून टाका. तीनय दगड खाडयेत. आनी गाऱ्हाण्यात नाव घेव नको. बघूया कोण जाता तो!"

आमच्याकडे गाऱ्हाणे म्हणजे साधी गोष्ट नव्हे. शिमग्याला गावकर देवीपुढे उभा राहतो आणि प्रत्येक घरासाठी मागणे मागतो. बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला दुजोरा देतात. ज्याचे नाव त्यात नाही, त्याच्याकडे देवीची पाठ, अशी समजूत. तरीही गावाने ठकूचे म्हणणे उचलले. घरातला कर्ता गेला की ते घर गेले असे धरायचे आणि त्याचा एकही दगड गावात राहू द्यायचा नाही, अशी देवीपुढे शपथ झाली. आणि जिने सुचवले, तिच्याच हातून चुली मोडाव्यात असेही ठरले.

पहिली पाळी आली ठकूच्या शेजारणीची. तिचे नाव कृष्णी. दोघी एका विहिरीवर पाणी भरत, एकीचा विस्तव विझला तर दुसरीकडून नेत. ठकूने कृष्णीच्या चुलीचे दगड उचलून टोपलीत टाकले आणि ती खाडीकडे निघाली. कृष्णी मागून चालत होती.

"एक तरी ठेव गो, ठकू. परत इलंय तर टेकूक काय तरी व्हया."

"जातंस ना? मग जा. परत कित्याक येतंस?"

एक, दोन, तीन, असे दगड पाण्यात पडले. कृष्णी रडली नाही. एवढेच म्हणाली, "तुझ्या चुलीकय पाय फुटतले गो एक दिवस." आणि पोरांना घेऊन घाट चढून गेली.

पुढच्या शिमग्याला गाऱ्हाण्यात कृष्णीच्या घराचे नाव आले नाही. सोमाजी त्या जागी नुसता थांबला आणि पुढच्या नावावर गेला. ती थांबलेली जागा ठकूला बोचली, असे सांगतात.

मग धाकूने विषय काढला. हातात नुकताच वळलेला दोर होता, तो त्याने आईपुढे टाकला.

"आये, ह्या दोरान बोकड बांधतले. गलबत कोण बांधतलो?"

ठकूने दोर उचलून गुंडाळायला घेतला.

"झिलाक दूध नाय. म्हाळू भाताची पेज पिता ती पान्यासारखी. मी जातंय. तू चल."

"मी जावचंय नाय," ठकू म्हणाली. "आनी तू गेलंस तर माका तुझी चूल मोडूक व्हयी. तां तुका म्हायत आसा."

"म्हायत आसा. तूच सांगितलंस."

बातमी विहिरीवर पोचायला वेळ लागला नाही. बायका घागरी टेकवून तिच्याकडे बघू लागल्या. एकीने विचारलेच, "काय गो ठकू, तुझी चूल काय सोन्याची? ती मोडूची नाय?" ठकूने घागर भरली आणि ती वर न बघता घरी आली. तिला एकाच गोष्टीची भीती होती म्हणे. दारिद्र्याची नाही, एकटेपणाचीही नाही. शिमग्याला सोमाजी धाकूच्या नावापाशी नुसता थांबेल आणि पुढे जाईल, याची.

दुसऱ्या दिवशी सुकती, म्हणजे ओहोटी, लागली तशी ठकू खाडीत उतरली. गुडघाभर चिखलात हाताने चाचपत फिरू लागली. काठावरून लोकांनी विचारले, "काय हरवला गो?" ती म्हणाली, "शेजारीण." लोकांना वाटले, बाईचे डोके फिरले. पाणी चढू लागले तेव्हा तिच्या हाताला एक दगड लागला. काजळी धुऊन गेली होती, अंगावर कालवे बसली होती. पण एका बाजूला टवका गेलेला होता आणि तो टवका ठकूने रोज पाहिलेला होता. कृष्णीचाच दगड. बाकीचे दोन काही सापडले नाहीत.

धाकू निघाला त्या सकाळी सारा गाव दारात जमला. ठकूने आपल्या हाताने चूल मोडली. दोन दगड मुलाच्या टोपलीत घातले. तिसरा आपल्या टोपलीत ठेवला, त्यात कृष्णीचा दगड आधीच होता. ती टोपली डोक्यावर घेऊन ती खाडीकडे न वळता घाटाकडे वळली.

सोमाजी आडवा आला. "ठकू, शपथ तुझीच हा."

"शपथ गावात दगड ठेवूचो नाय अशी," ती म्हणाली. "मी शिवेर ठेवतंय. गाव खिंडीत सोपता. खाडयेत टाकूचो तर तूच टाक, माझ्या हातान जावचो नाय."

सोमाजी बाजूला झाला. पण मागून म्हणाला, "दगड शिवेर तर तूय शिवेरच ऱ्हव."

"ऱ्हवतंय," ठकू म्हणाली.

खिंडीत मायलेकांची वाट फुटली. धाकूने पुष्कळ विनवले. ती देशाकडे उतरली नाही आणि गावाकडेही परतली नाही. झाडाच्या फांद्यांची खोपटी केली, दोन्ही दगड शेजारी शेजारी ठेवले आणि बसून राहिली. दोन वेगळ्या घरांचे दोन दगड, त्यांवर भांडे काही ठरत नाही. मोळीला जाणाऱ्या बायका नजर चुकवून भाकरी ठेवून जात. विहिरीवर टोमणा मारणारीच सर्वांत आधी घेऊन गेली, असे आबा हसून सांगतात.

तिकडे धाकूने देशावर बिऱ्हाड केले. तिथे अंबाडीचे दोर वळायला रान मोकळे होते, पोटाला मिळू लागले. पण चुलीवरचे भांडे काही केल्या नीट बसेना. घरच्या दोन दगडांना तिथला कुठलाही तिसरा दगड लावला तरी भांडे कलंडायचे म्हणे. म्हाळूने ओढ्यातले, शेतातले, टेकडीवरचे दगड लावून पाहिले. शेवटी ती म्हणाली, "भूक लागली की भांड्याकडे बघायचं की दगडाकडे? चला, घरचा दगड घेऊन येऊ." देशावर राहून तिची बोली तोवर बदलली होती.

शिमग्याच्या दिवसांत दोघे पोराला घेऊन, दोन दगड पाठीला बांधून खिंडीत आले. वाटेत आणखीही घरे भेटली, सण आला की पाय आपोआप इकडे वळलेली. त्यांत कृष्णी होती. पण गावात उतरायची हिंमत कोणाची होईना. सगळे खिंडीतच थांबले.

ठकूने कालवांचा दगड कृष्णीपुढे ठेवला.

कृष्णीने तो फिरवून पाहिला. "ह्यो माझो नाय. माझो काळो होतो."

"खाऱ्या पान्यान धुतल्यान."

"आनी ही कालवां?"

"ती व्याज," ठकू म्हणाली.

कृष्णी हसली, मग तिने टवक्यावरून बोट फिरवले आणि हसता हसता तिचे डोळे भरले. दगड मात्र तिने खिंडीतच राहू दिला. धाकूने आपले दोन दगड मांडले, ठकूने तिसरा लावला. भांडे बसले ते हलले नाही. खिंडीत पेज शिजू लागली.

खाली गावात पालखी देवळातून निघाली होती. ती पहिल्या घराकडे वळायची, पण खांदेकऱ्यांना वळवेना. खांदे कमी पडतात म्हणून असेल असे वाटून आणखी माणसे लागली, तरीही पालखी घाटाकडेच ओढ घेऊ लागली. कोणीतरी वर बोट दाखवले. खिंडीतून धूर निघत होता. सोमाजीने धूर पाहिला, पालखी पाहिली आणि तो पुढे होऊन घाट चढू लागला.

वर आल्यावर तो बराच वेळ दम खात उभा राहिला. मग हात जोडून त्याने तिथेच गाऱ्हाणे घातले.

"हे माउली, जो गावात आसा त्येका सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!"

"जो पोटासाठी गावाभायर गेलो, त्येच्याय चुलीर तुझी नजर ऱ्हवांदे!"

खिंडीतले आणि गावातले, दोन्हीकडचे लोक एकदम म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

मग सोमाजीने नावे घेतली. कृष्णीचे घेतले, धाकूचे घेतले. कुठेही थांबला नाही.

ठकू पुढे खिंडीतच वारली. तिला शेवटपर्यंत गावाने बोलावले आणि मुलानेही बोलावले. "मी हयसर बरी. दोनय धूर दिसतत," असे ती म्हणे. ती गाव सोडून गेली की गावात राहिली, यावर आमच्याकडे अजून वाद होतो आणि तो कधी मिटत नाही.

आजही वेळशेतचे जे घर बाहेर पडते, ते आपल्या चुलीचा तिसरा दगड खिंडीतल्या रांगेत ठेवते आणि दोन बरोबर नेते. आजही शिमग्याला पालखी पहिल्यांदा खिंडीत येते, मगच गावात फिरते. बाहेरगावची माणसे आपापले दोन दगड घेऊन येतात, रांगेतला तिसरा ओळखून काढतात आणि पेज शिजवतात. जाणाऱ्याला कोणी नावे ठेवत नाही आणि राहणाऱ्याला कोणी शहाणपणा शिकवत नाही.

गोष्ट इथे संपते. गावाबद्दल एवढेच सांगतो की बंदराकडे आता हॉटेले झाली आहेत. जमिनीचा भाव विचारायलाही आमच्यासारख्याला संकोच वाटतो आणि भाड्याची खोली पर्यटकांसाठी राखलेली असते. राहणारे अजून राहतात. माझे इचलकरंजीला काम ठरले आहे.

एवढे लिहून झाले तेव्हा संध्याकाळ झाली होती. आमच्या घरात आता गॅस आहे, तीन दगडांची चूल फक्त परसात, आंघोळीचे पाणी तापवायला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, तर आईने ती चूल आधीच मोडली होती आणि तिन्ही दगड धुऊन पायरीवर ठेवले होते. त्या दिवशी ती थंड पाण्याने न्हाली. दोन दगड मी पिशवीत भरले. तिसरा घेऊन चालत खिंडीत गेलो आणि रांगेच्या शेवटी ठेवला, काळी बाजू गावाकडे करून. मग एस.टी.ची वाट बघत उभा राहिलो.