नऊ रोपांतली सात

पूर्वी कृतयुगात, पृथ्वी अजून नवी होती तेव्हाची ही गोष्ट. त्या दिवशी आभाळ राखेच्या रंगाचे होते. ऊन म्हणावे तर ऊन नाही, सावली म्हणावी तर सावली नाही. वारा असा पडलेला की ओढ्याकाठच्या वेताचे शेंडेसुद्धा हलत नव्हते. अशा त्या कुंद सकाळी, मलयपर्वताच्या उतारावर, तपोधन ऋतमान ऋषींच्या आश्रमात दर्भक नावाचा पाणक्या एका आळ्यापाशी गुडघे टेकून बसला होता. त्याच्यापुढे दुसरे रोप मरून पडले होते.

रोपे होती नऊ. साक्षात ब्रह्मदेवाने ती ऋतमानांच्या ओंजळीत घातली होती. नऊच्या नऊही सारखी दिसत: वीतभर देठ, दोन पाने, रंग पोपटी. पितामह म्हणाले होते, "पुढे माणसे घरे बांधतील, घरांपुढे अंगणे येतील. त्या अंगणांचे हे मूळ आहे. वर्षाने येऊन नेईन. मात्र यांतले जे जाईल ते कायमचे जाईल. दुसरे माझ्यापाशी नाही."

ऋतमान म्हणजे वेदवेत्ते, निष्कलंक, तराजूच्या काट्यासारखे सरळ. तपाला निघताना त्यांनी दर्भकाला आज्ञा केली, "प्रत्येक रोपाला नित्य एक कमंडलू जल. बिंदू न्यून नको, बिंदू अधिक नको. हातभर उंचीच्या वर जे जाईल त्याचा शेंडा खुड. समत्व हाच धर्म होय!"

दर्भकाला बारा वर्षांत एक ऋचा पाठ झाली नव्हती, पण सांगितलेले काम त्याने कधी चुकवले नव्हते. हेही चुकवले नाही. चौथ्या महिन्यात पहिले रोप गेले, आणि आज हे.

ओढ्यापलीकडे राहणारी वृद्ध तापसी पौष्णी कमरेवर घागर घेऊन आली. "मेलं का रे हेही?"

"मेलं, माय. पहिलं कुजून गेलं, हे वाळून गेलं. आणि पाणी तर मी दोघांना सारखंच घातलं."

"मग तेच बाधलं असेल. तुझे गुरू वारा पिऊन राहतात. मला बाई सकाळ झाली की नीवाराची पेज लागते. उद्या मला वाऱ्यावर ठेवलंस तर संध्याकाळी लाकडं गोळा करायला लागशील!"

"पण आज्ञा आहे ना."

"आज्ञा पाळूनच दोन गेली. आता उरलेल्यांचं बघ."

दर्भकाला ते बोलणे झोंबले. आज्ञा मोडावी तर गुरूंचा कोप, पाळावी तर रोपांचा घात. दिवसभर तो नुसता बसून राहिला. मग त्याने कमंडलू पालथा ठेवला आणि उरलेल्यांतल्या पहिल्या आळ्यात बोट खुपसले, दुसऱ्या पेरापर्यंत. माती ओली होती. त्या रोपाला त्याने पाणी दिले नाही.

तेव्हापासून तो एकेका रोपाशी एकेक दिवस बसू लागला. घाई त्याला कधी जमलीच नव्हती, ते इथे कामी आले. एक रोप सारखे आडवे पडे. त्याशेजारी त्याने काठी रोवली, तर त्याने हिरवी तार काढून काठीला वेढा घातला. तो भोपळा. एकाला पाणी नकोसे. त्याला खडकाच्या खोबणीत नेऊन ठेवले, तर दोन पानांची जाड, काटेरी, गराने भरलेली पाती झाली. ती कोरफड. एक मोरीच्या पाण्याकाठी सुखावले आणि हत्तीच्या कानाएवढे पान उभारून बसले. तो अळू. एकाचा शेंडा खुडायचे त्याने सोडले, तर ते पाहता पाहता झोपडीच्या वर गेले. केळ म्हणतात ती हीच. जास्वंदीला ऊन हवे होते. लाजाळूला कुणी हात लावलेला खपत नव्हता. आणि हळद तर थंडी पडताच सुकून भुईसपाट झाली. दर्भकाला वाटले, हेही गेले. पण माती उकरली तर आत सोन्यासारख्या गाठी! तिने सगळी वाढ जमिनीखाली केली होती.

वर्ष भरले. ऋतमान परतले. ज्या वाफ्यात त्यांनी सारखेपणाची रांग सोडली होती, तिथे नि आजूबाजूला कुणी उंच, कुणी लोळलेले, कुणी फुललेले, कुणी काटेरी पाहून त्यांचे नेत्र अग्निकुंडासारखे धगधगले.

"मूढा! समत्वाचा तू उच्छेद केलास! ऐक माझी शापवाणी. चंद्रसूर्य आहेत तोवर यांतले एकही दुसऱ्यासारखे होणार नाही. एकाच फांदीची दोन पानेसुद्धा एकमेकांशी जुळणार नाहीत!"

त्याच क्षणी हंसाच्या पंखांचा नाद झाला आणि पितामह अंगणात उतरले. त्यांनी रोपे मोजली.

"नऊ दिली होती. सातच का?"

दर्भक पुढे झाला. "महाराज, पाणी मीच घातलं. मला उशिरा कळलं."

पितामह ऋतमानांकडे वळले. "ऋतमाना, तुझी वाणी खरी होईल. तू शाप दिलास, पण यांना तोच वर आहे. दर्भका, तू काय मागतोस?"

"ती दोन परत द्या."

"ते माझ्या हाती नाही."

"मग ती काय होणार होती, तेवढं तरी सांगा."

सृष्टिकर्ता खाली पाहू लागला. "मलाही ठाऊक नाही, वत्सा. रूप मी दिले नव्हते. ते त्यांनी वाढता वाढता घ्यायचे होते."

ऋतमानांनी हे ऐकले मात्र, त्यांनी मान खाली घातली, आणि जन्मात प्रथमच ते आपल्या पाणक्यापाशी मातीत बसले.

पितामह सातांचे बी, कंद आणि कोंब घेऊन गेले. म्हणून आजही एकाच अंगणात भोपळा आधार शोधतो, कोरफड पाण्याला नाही म्हणते, हळद आपले धन पुरून ठेवते. आणि बागेत नवीन माणूस आला की त्याला आधी काही दिवस नुसते बसून रोपे न्याहाळावी लागतात. त्या दोन रोपांची नावे मात्र कुणालाच ठाऊक नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्भक त्या दोन रिकाम्या आळ्यांपाशी पाणी घेऊन उभा होता. पौष्णी ओढा ओलांडून आली, घागर खाली ठेवून त्याच्याशेजारी थांबली. तो ओशाळून हात मागे घेणार, तोच ती हळूच म्हणाली, "घाल, बाबा. पण दोघांना सारखं घालू नकोस."