विझलेल्या चुलींचे राज्य

एका राज्यात एका सकाळी एकही चूल पेटली नाही. गारगोट्या घासल्या, ठिणगी उडेना. देवळातला नंदादीप विझला. राजा भद्रसेनाने सिंहासन द्यायला नकार दिला, म्हणून मायावी कालजंघाने राज्यातला सारा अग्नी डोंगरापलीकडच्या आपल्या कोटात कोंडला होता. राजा रेशमी वस्त्रे लेवून तिकडे गेला, तो परतला नाही. तान्ही मुले गारठू लागली, तेव्हा राजाची धाकटी बहीण शाल्मली निघाली. ती आजोळी रानात वाढलेली. तिने जाड घोंगडी पांघरली आणि कुऱ्हाड घेतली.

कोटाखाली धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, "राजकन्ये, वाटेत बर्फगार पाण्याची हिमधार कोसळते, तिच्याखालून जा. कोटाचा काळा दरवाजा तोड. आतल्या अंगणात स्वतःच्या हातांनी अग्नी पेटव, म्हणजे शाप तुटेल. चुकलीस तर बर्फ होशील."

"माझा भाऊ कुठे आहे?"

"हिमधारेतच गोठला."

धारेखाली भद्रसेन उभा होता, भिजले रेशीम अंगाला चिकटून बर्फ झालेले. शाल्मलीने त्याच्या गालाला हात लावला आणि ती पुढे झाली. घोंगडी भिजून जड झाली, पण लोकरीने ऊब सोडली नाही.

दरवाज्यावर घाव घालताच कुऱ्हाडीचा दांडा मोडला.

तटावरून कालजंघ हसला. "चंदनाचा दांडा देऊ?"

"नको. धामणीच्या झाडाचा हवा. ते लाकूड लवते, तुटत नाही."

उतारावर धामणीची उभी वाळलेली फांदी सापडली, लाकडातल्या रेषा टोकापर्यंत सरळ गेलेल्या. तिने ती पात्याने तासली, पात्याच्या भोकात बसवली, वर पाचर ठोकली आणि पुन्हा घाव घातले. दरवाजा कोसळला.

अंगणात पावसाची झड लागली होती. खालचे सरपण चिंब भिजलेले. झाडाच्या बेचक्यात अडकलेली एक सुकी फांदी तिने काढून फोडली. आतले लाकूड कोरडे निघाले. त्याच्या पातळ ढलप्या काढून तिने त्यांवर बांबूच्या चिपा घासल्या. धूर आला आणि पावसाने विझला. पुन्हा आला, पुन्हा विझला. तळहात सोलून निघाले.

मग तिने घोंगडी काढली आणि दोन काठ्यांवर ताणून ढलप्यांवर छप्पर केले. पाऊस तिच्या उघड्या पाठीवर कोसळू लागला. पावले बर्फ झाली.

"घोंगडी पांघर, गोठशील," कालजंघ म्हणाला. आता तो हसत नव्हता.

ती चिपा घासत राहिली. बर्फ गुडघ्यांवर चढला, कमरेला भिडला. तेवढ्यात एक ठिणगी ढलप्यांत पडली. शाल्मलीने हळूच फुंकर घातली.

ज्योत उभी राहिली. तिला पाहताच कोंडलेला अग्नी भिंती फोडून बाहेर धावला. शाल्मलीच्या अंगावरचा बर्फ वितळला. कालजंघाची मूठभर काजळी झाली आणि पावसात वाहून गेली.

"शाप तुटला," तटावर येऊन बसलेला धनेश म्हणाला आणि उडून गेला.

धारेतून भद्रसेन कुडकुडत बाहेर आला. शाल्मलीने त्याच्या खांद्यांवर घोंगडी टाकली. दोघे खिंडीत आले, तेव्हा खाली घराघरांतून धूर वर चढत होता.

"चल दादा," शाल्मली म्हणाली, "भाकऱ्या तव्यावर पडल्या असतील."